दहा मिनिटांचा घास : नाशिक विमानतळाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापन, नाशिक विमानतळ, ओझर
(हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड)

विषय : उड्डाणापूर्वीचा चहा, पाणी व अल्पोपाहार यांच्या ठेक्यातील अटींबाबत



विमानतळावरील खाद्यपदार्थांच्या दुकानाकडे आजवर बहुधा भाड्याचे साधन म्हणून पाहिले गेले आहे, आणि त्यामुळे प्रवासी तेथे काय खाईल, किती वेळात खाईल आणि त्यासाठी किती पैसे मोजेल, हे प्रश्न विमानतळाच्या आखणीत अगदी शेवटी येतात. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने ओझरच्या विमानतळाच्या विस्ताराची तयारी चालू असताना हे प्रश्न आधी विचारात घेतले जावेत, म्हणजे धावपट्टी आणि इमारत यांच्याइतकाच चहाच्या ठेक्याचा मसुदाही काळजीपूर्वक लिहिला जावा, एवढीच या पत्राची विनंती आहे. एकदा ठेका दिला गेला की त्यातील अटी काही वर्षे बदलत नाहीत, म्हणून ही विनंती ठेका देण्यापूर्वी करणे आवश्यक वाटते.

ओझरचा हा तळ मुळात प्रवाशांसाठी उभा राहिलेला नाही. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी येथे कारखाना आला, पुढे सुखोई-३० एमकेआय विमाने येथेच बांधली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे तयार झालेल्या तेजस एमके-१ए या विमानाने याच धावपट्टीवरून पहिले उड्डाण केले. प्रवाशांसाठीची इमारत दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या बाजूला २०१४ मध्ये खुली झाली, परंतु नियमित विमानसेवा नसल्याने ती दीर्घकाळ जवळजवळ रिकामीच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली, म्हणजे लहान शहरांना परवडणाऱ्या दरात हवाई मार्गाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेखाली, नाशिक-मुंबई सेवा सुरू झाली, पण तीही सलग टिकली नाही. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने गोवा, अहमदाबाद आणि नागपूर येथे उड्डाणे सुरू केल्यानंतर, आणि पुढे दिल्ली, हैदराबाद व बंगळूर ही शहरे जोडली गेल्यानंतर, नाशिककरांना आपल्याही गावाला विमानतळ आहे असे खऱ्या अर्थाने म्हणता येऊ लागले.

या उड्डाणांचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय खाण्याचा प्रश्न नीट कळत नाही. कमी भाड्याच्या विमानसेवेत तिकिटाच्या दरात जेवण धरलेले नसते, त्यामुळे आसनावर मिळणारा पदार्थ विकतच घ्यावा लागतो. उड्डाण दीड-दोन तासांचे असले तरी प्रवास तेवढाच नसतो. मालेगाव, सटाणा, येवला किंवा नांदगाव येथून निघणारा प्रवासी मुंबई-आग्रा महामार्गावरची वाहतूक गृहीत धरून घर चार तास आधी सोडतो, आणि नाशिक शहरातून येणाऱ्यालाही सुमारे वीस किलोमीटरचे अंतर कापायचे असते. सामान देण्याची खिडकी देशांतर्गत उड्डाणाच्या साधारण एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार साधारण पंचवीस मिनिटे आधी. सामान, ओळखपत्र, सुरक्षा तपासणी, पट्टा आणि पाकीट पुन्हा खिशात जाणे, एवढे सगळे उरकल्यावर प्रवाशाच्या हाती जो वेळ उरतो तो बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. विमानतळावरचे खाणे याच दहा मिनिटांत बसवायचे असते, आणि या पत्रातील सर्व मागण्या या एका मर्यादेतून निघालेल्या आहेत.

प्रवासातल्या सक्तीच्या थांब्यावर खाणे कसे आकार घेते, याचे उदाहरण नाशिकच्या माणसाला दूर शोधावे लागत नाही. थळ घाट चढण्यासाठी कसाऱ्याला रेल्वेगाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात, आणि इगतपुरीला पूर्वी विजेच्या दोन वेगळ्या पद्धतींमुळे इंजिनच बदलावे लागत असे. या यांत्रिक गरजेने गाडी जितकी मिनिटे उभी राहिली तितक्या मिनिटांत वडा, चहा आणि उकडलेल्या शेंगा यांची एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली. विक्रेत्याला गाडीची वेळ ठाऊक होती, प्रवाशाला भाव ठाऊक होता, आणि खिडकीतून पैसे व पुडा यांची देवघेव गाडी हलायच्या आत पुरी होत असे. ती व्यवस्था स्वच्छतेच्या दृष्टीने आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही, पण वेळ, भाव आणि पदार्थ या तिन्हींचा मेळ तिने जसा घातला तसा अनेक मोठ्या विमानतळांनाही घालता आलेला नाही.

विमानतळावर चहा महाग का होतो, याची कारणे समजून घेणे न्यायाचे ठरेल, कारण सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे सोपे असले तरी बरोबर नाही. विमानतळाचे उत्पन्न दोन प्रकारचे मानले जाते. विमान उतरवणे, उभे करणे आणि प्रवाशांना सेवा देणे यांतून मिळणारे ते हवाई उत्पन्न, आणि दुकाने, वाहनतळ, जाहिराती यांतून मिळणारे ते हवाईतर उत्पन्न. मोठ्या विमानतळांच्या हवाई उत्पन्नाचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. हवाईतर उत्पन्नाच्या दरांवर मात्र तसे नियंत्रण नाही. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार हवाईतर उत्पन्नाचा ३० टक्के भाग प्रवाशांवरील शुल्क कमी ठेवण्यासाठी हिशेबात धरला जातो, म्हणजे महागड्या चहातून आलेल्या पैशाचा एक वाटा कागदोपत्री प्रवाशाकडेच परत येतो. ही रचना अर्थशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत असेलही, परंतु ज्याने चहा घेतला त्याच्या खिशातून पैसे गेले आणि सवलत सगळ्यांमध्ये वाटली गेली, ही गोष्ट तिच्यामुळे बदलत नाही.

दुकानाचा ठेका देताना सामान्यतः किमान हमी भाडे ठरवले जाते, म्हणजे विक्री झाली न झाली तरी दरमहा द्यावयाची ठरावीक रक्कम, आणि त्यासोबत विक्रीतील टक्केवारी. या दोहोंपैकी जी रक्कम अधिक असेल ती विमानतळाला मिळते. जो सर्वाधिक हमी देतो त्याला जागा मिळते, आणि ती हमी भरून काढण्यासाठी तो भाव वाढवतो. त्यात कर्मचाऱ्यांना सुरक्षित क्षेत्रात प्रवेशासाठी लागणारे पास, त्यासाठीची चौकशी, आत येणाऱ्या प्रत्येक पोत्याची व डब्याची तपासणी, आणि उघड्या ज्योतीवर स्वयंपाक करता येत नसल्याने विजेवर चालणारी उपकरणे यांच्या खर्चाची भर पडते. ओझरसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. मुंबईच्या विमानतळावर गिऱ्हाईक दिवसरात्र असते, तर येथे दिवसातल्या मोजक्या उड्डाणांच्या आगेमागे तास-दीड तास गर्दी होते आणि मधले तास रिकामे जातात, पण पगार आणि भाडे रिकाम्या तासांचेही द्यावे लागते. म्हणून मोठ्या विमानतळाच्या ठेक्याचा नमुना येथे जसाच्या तसा उचलला तर दुकानदारही बुडेल आणि प्रवासीही नाडला जाईल.

याच ठिकाणी व्यवस्थापनाच्या हाती खरा अधिकार आहे, कारण भाडे किती मागायचे हे तेच ठरवते. निविदेत सर्वाधिक भाडे देणाऱ्याला प्राधान्य देण्याऐवजी भाडे ठरावीक व माफक ठेवून, चार-पाच मूलभूत पदार्थ सर्वांत कमी दरात व ठरलेल्या वजनात देणाऱ्याला प्राधान्य देता येईल. असा बदल धाडसाचा वाटू नये. २१ डिसेंबर २०२४ रोजी कोलकाता विमानतळावर सुरू झालेल्या ‘उडान यात्री कॅफे’मध्ये चहा व पाण्याची बाटली प्रत्येकी १० रुपयांना आणि कॉफी, समोसा व गोड पदार्थ प्रत्येकी २० रुपयांना ठेवण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नई विमानतळावरही तशीच सोय सुरू झाली. सुरक्षा तपासणी, पास, विजेची उपकरणे यांचे सर्व अडथळे तेथेही होते. भाड्याचा आग्रह कमी केला की दर खाली येतो, एवढे या दोन उदाहरणांनी दाखवून दिले आहे. ‘उडान’ योजनेत सुमारे तासाभराच्या उड्डाणाच्या ठरावीक आसनांसाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आरंभी घातली गेली होती. ज्या योजनेने तिकिटाला मर्यादा घातली तिच्याच प्रवाशाला चहासाठी मर्यादा नसावी, ही विसंगती दूर करणे योजनेच्या हेतूशी सुसंगतच ठरेल. रेल्वेनेही सर्वसाधारण डब्यांच्या समोर २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी व लोणचे देणारी थाळी ठेवली आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून एक लिटर ‘रेल नीर’ पाण्याचा दर १५ वरून १४ रुपयांवर आणला आहे. विमानतळ म्हणजे रेल्वेचा फलाट नाही हे मान्य केले, तरी तहान दोन्हीकडे सारखीच लागते.

पाण्याबाबत तर ठेक्याची वाटही पाहण्याची गरज नाही. बाटलीबंद मालाच्या वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत हीच विक्रीची वरची मर्यादा असते, आणि वैध मापनशास्त्राच्या नियमांत १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार एकाच मालाच्या एकसारख्या वेष्टनावर ठिकाणानुसार दोन वेगवेगळ्या किमती छापण्यास मनाई आहे. बसून खाण्याची सेवा देणाऱ्या हॉटेलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये वेगळा निर्णय दिला असल्याने प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे, पण उभ्याने पाण्याची बाटली विकणाऱ्या खिडकीला हॉटेल म्हणता येईल काय, याचे उत्तर सामान्य माणसाला सहज देता येते. याहून चांगला उपाय म्हणजे सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, प्रतीक्षालयाच्या दर्शनी भागात, थंड आणि साध्या अशा दोन्ही पाण्याची व्यवस्था ठेवणे, तिची टाकी केव्हा धुतली त्याची तारीख शेजारी लावणे, आणि बाटलीचे तोंड नळाखाली नीट मावेल एवढी जागा तेथे सोडणे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सार्वजनिक जागांतले अनेक नळ ओंजळीच्या किंवा पेल्याच्या मापाने बसवलेले असतात आणि लिटरभराची बाटली त्यांखाली आडवी धरावी लागते, अर्धे पाणी हातावर सांडते, आणि प्रवासी वैतागून विकतची बाटली घेतो.

आता पदार्थांकडे वळता येईल. दहा मिनिटांत, एका हातात पिशवी किंवा मूल असताना, सांडल्याशिवाय जे खाता येते तेच विमानतळाचे खरे खाणे, आणि या कसोटीवर नाशिकची प्रसिद्ध मिसळ उतरत नाही. तिची ताटली, रश्शाची वाटी, पाव, पापड, दही आणि शेवटची जिलेबी हा निवांत बसून करावयाचा कार्यक्रम आहे; तिला घाईत कागदी द्रोणात कोंबणे हा मिसळीवरही अन्याय आणि पांढऱ्या सदऱ्यावरही. याउलट नाशिकचा पाववडा जणू प्रवासासाठीच घडला आहे. मुंबईचा वडापाव उघडा असतो, त्यातली सुकी चटणी मांडीवर सांडते आणि वडा पावातून घसरतो. पाववड्यात पाव चिरून त्यात बटाट्याची भाजी आणि चटणी भरतात, मग तो अख्खा पावच बेसनाच्या पिठात बुडवून तळतात, त्यामुळे भाजी, चटणी आणि पाव हे सगळे एका खरपूस कवचात बंद होते. शेजारी चटणीची वाटी नको, चमचा नको, पहिला घास तोडला तरी आतले बाहेर येत नाही, आणि कागदात गुंडाळलेला पाववडा रांगेत उभ्याने, एका हाताने खाता येतो. त्याच्याच जातीचा उलटा वडापाव शहरात तितकाच आवडीने खाल्ला जातो.

पाववड्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवला जात नाही, तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो, आणि दाब कमी झाला की बंद जागेतील हवा फुगते. चिवड्याची मोहोरबंद पिशवी विमानात फुग्यासारखी टम्म होते ती याच कारणाने, आणि पोटातील वायूही त्याच नियमाने फुगतो. त्यामुळे बेसन आणि तळण जास्त झाले तर काही प्रवाशांना अस्वस्थ वाटू शकते. यावर उपाय पाववडा बंद करणे हा नाही. त्याच्या शेजारी कांदेपोहे, इडली किंवा दहीपोहे यांसारखा एक हलका पदार्थ तितक्याच दरात ठेवणे हा आहे. तळणाच्या तेलाबाबतही ठेक्यात अट असावी: अन्नसुरक्षा नियमांनुसार वारंवार तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याचे मोजमाप ठरणारे घटक, २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यास ते तेल वापरता येत नाही, हे मोजण्याचे साधे उपकरण मिळते, आणि त्याची रोजची नोंद दुकानात लावणे अवघड नाही. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवण्याचा नियम तर उड्डाणांमधल्या रिकाम्या तासांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण सकाळच्या उड्डाणासाठी तळलेला वडा संध्याकाळच्या उड्डाणाला कोमट करून देण्याचा मोह त्या तासांतच होतो.

द्राक्षांचा विचार वेगळा केला पाहिजे. जानेवारी ते एप्रिल या हंगामात नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे कीडनाशकांच्या अवशेषांच्या काटेकोर तपासण्या पार करून युरोपच्या बाजारात जातात, आणि या विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फाही पिंपळगाव, दिंडोरी, निफाड परिसरातले तेच मळे पसरलेले आहेत. धुतलेली, देठ काढलेली दीडशे-दोनशे ग्रॅम द्राक्षे झाकण असलेल्या पेल्यात ठेवली तर त्याहून स्वच्छ, हलके आणि कमी वेळेत संपणारे खाणे दुसरे सापडणार नाही, आणि परगावच्या प्रवाशाला नाशिकची खरी ओळख त्या पेल्यात होईल. हंगाम संपल्यावर मनुके आहेतच.

कोरड्या खाण्यात नाशिकच्या चिवड्याला तोड नाही. कोंडाजी आणि माधवजी ही नावे नाशिकबाहेरही घरोघर पोहोचली आहेत, आणि नाशिकहून येणाऱ्या पाहुण्याने चिवड्याचा पुडा आणला नाही तर तो विसरला असे मानले जाते. विमानातील कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेला मीठ आणि साखर नेहमीपेक्षा मंद लागतात, त्यामुळे जमिनीवर चमचमीत वाटणारा चिवडा हवेतही आपली चव टिकवून धरतो. येथे विनंती एवढीच की भेटीसाठीच्या अर्धा-एक किलोच्या पुड्यांसोबत पन्नास ग्रॅमची छोटी पुडीही छापील किमतीला मिळावी, कारण भेटवस्तू आणि भूक यांची मापे वेगळी असतात.

चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, खारे शेंगदाणे, मनुके अशा टिकाऊ मालाच्या बाबतीत महिला बचत गटांना जागा मिळू शकते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ मध्ये ‘अवसर’ नावाची योजना आणून आपल्या विमानतळांवर बचत गटांना आळीपाळीने थोडी जागा देण्यास सुरुवात केली. ओझरचा तळ त्या प्राधिकरणाचा नसल्याने येथे ती योजना आपोआप लागू होत नाही, पण तिचे अनुकरण करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र त्या योजनेतील पंधरा-पंधरा दिवसांची पाळी येथे व्यवहार्य ठरेल असे वाटत नाही. चांदवड किंवा पेठ तालुक्यातील गटाच्या सदस्याला प्रवेशाचा पास मिळवण्यासाठीच बराच काळ जाईल, आणि रोजचे जाणे-येणे विक्रीतून भरून निघणार नाही. त्यापेक्षा पास असलेल्या एकाच कायम विक्रेत्याकडे अनेक गटांचा माल ठेवावा, वेष्टनावर गटाचे व गावाचे नाव आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असावा, आणि विकलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या दिवसांत गटाच्या खात्यात जावेत. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांचे जिल्ह्यात काम आहे. त्यांच्यामार्फत ही साखळी उभी करता येईल.

आता कुंभमेळ्याकडे वळणे भाग आहे, कारण सर्वांत मोठी परीक्षा तीच असेल. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, आणि नाशिक येथे २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ रोजी अमृतस्नाने होतील असे जाहीर झाले आहे. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान १२ सप्टेंबरला आहे. या तारखा पंचांगात पाहिल्या तर खाण्याच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे दिसते. २ ऑगस्ट ही सोमवारी येणारी, म्हणजे सोमवती अमावस्या आहे, दुसऱ्या दिवसापासून श्रावण सुरू होतो आणि ३१ ऑगस्टच्या अमावस्येला तो संपतो. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्नानाच्या मधला सगळा काळ श्रावणाचा आहे, त्यात चार श्रावणी सोमवार येतात, आणि तिसऱ्या सोमवारी, २३ ऑगस्टला, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची गर्दी त्र्यंबकला असेल. नाशिकचे तिसरे स्नानही एकादशीला आहे. एवढ्या उपवासाच्या दिवसांत उतरणाऱ्या आणि परतणाऱ्या यात्रेकरूंसमोर फक्त सँडविच आणि बर्गर ठेवणे म्हणजे त्यांना उपाशी परत पाठवणे होय.

उपवासाचे पदार्थ ठेवायचे म्हटले की साबुदाणा वडा डोळ्यांसमोर येतो, आणि नाशिकमध्ये तो उत्तम मिळतो. पण फराळाचे दुकान चालवायचे तर त्यातील बारकावे ठेक्यातच लिहावे लागतील. उपवासाच्या वड्याची कढई आणि तेल पाववड्याहून वेगळे हवे, नाहीतर कांदा-लसणाचा वास लागलेला वडा कोणीही उपवासी माणूस खाणार नाही. महाराष्ट्रात अनेक घरांत उपवासाला साधे मीठ चालते, परंतु उत्तरेकडून येणारे यात्रेकरू सैंधवाचाच आग्रह धरतात. म्हणून सैंधवच वापरावे, कारण ते कोणालाच वर्ज्य नाही. वरईचा भात, दाण्याची आमटी यांना बसून खावे लागते, तेव्हा वडा, राजगिरा लाडू, केळी, उकडलेली रताळी आणि ताक एवढ्यावर फराळ भागवता येईल.

जैन प्रवाशांचाही विचार आवश्यक आहे. अहमदाबादच्या उड्डाणांनी येणारे अनेक यात्रेकरू सटाणा तालुक्यातील मांगीतुंगी येथे, जेथे ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली, किंवा म्हसरूळजवळच्या गजपंथ क्षेत्री जातात. कांदा, लसूण आणि बटाटा न वापरलेला एक तरी पदार्थ त्यांच्यासाठी असावा, आणि लासलगावच्या कांद्याच्या जिल्ह्यातही तो करता येतो. शिवाय त्यांच्यातले अनेकजण सूर्यास्तानंतर खात नाहीत, त्यामुळे संध्याकाळच्या उड्डाणाचा प्रवासी सूर्य मावळायच्या आत खिडकीवर येईल हे गृहीत धरून त्या वेळी पदार्थ तयार असायला हवा.

घरची शिदोरी बांधून आणणाऱ्यांनाही मोकळेपणाने खाता यावे. पोळी-भाजीचा डबा देशांतर्गत उड्डाणाला नेता येतो हे अनेक वृद्ध प्रवाशांना ठाऊक नसते आणि ते संकोचाने डबा बाहेरच टाकून देतात. काय नेता येते आणि काय नाही याचा मोठ्या अक्षरांतला मराठी फलक प्रवेशद्वाराशीच असावा. त्यावर नारळाचा उल्लेख आवर्जून हवा, कारण नारळ हातातील सामानात चालत नाही आणि देवदर्शनाहून परतणाऱ्याच्या पिशवीत प्रसादाचा नारळ हमखास असतो. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यातून तात्पुरती सूट दिली होती, जी २० जानेवारी २०२५ पर्यंत होती. कुंभमेळ्याच्या काळासाठी अशीच सूट मागण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने वेळेत पाठवावा.

शेवटची अट उशिराच्या उड्डाणांबाबत आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास विमान कंपनीने वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना अल्पोपाहार द्यायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे येथील उड्डाणही लांबते, आणि निफाड-ओझर पट्ट्यातली त्या दिवसांतली थंडी सर्वांना ठाऊक आहे. अशा रात्री कंपनीचे कूपन हातात असूनही दुकान बंद असेल तर त्या नियमाला अर्थ उरत नाही. म्हणून शेवटचे विमान प्रत्यक्षात उडेपर्यंत खिडकी उघडी राहील, कूपन नाकारले जाणार नाही, आणि त्या वाढीव तासांचे भाडे विमानतळ घेणार नाही, असे ठेक्यात स्पष्ट शब्दांत लिहिले जावे.

व्यवस्थापनाने निविदेचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी तो मराठीत प्रसिद्ध करावा आणि प्रवाशांच्या सूचनांसाठी किमान पंधरा दिवस खुला ठेवावा, ही नम्र विनंती.



नाशिक